इकडची काळजी करू नको

मराठीत आईवर पुष्कळ लिहिलं गेलं. आईनं लिहिलेलं मात्र त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या त्या पुस्तकावर रडल्या. गुरुजींनी पुतणी सुधा हिला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ही घरोघर वाचली गेली. पण श्यामच्या आईचं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते श्यामच्या तोंडून. तिच्या हातची ओळ आपल्याकडे नाही. वडिलांची, काकांची, पुढाऱ्यांची, तुरुंगातल्या देशभक्तांची पत्रं जपली गेली, छापली गेली, अभ्यासक्रमाला लागली. आईचं कार्ड वाचून झालं की भिंतीवरच्या तारेला टोचलं जाई, आणि तार भरली की जुनी कार्डं बंबात जात.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात आईचा विषय काढला की शिवनेरी समोर उभा राहतो आणि बोलणं जिजाऊंपाशी सुरू होऊन तिथेच संपतं. ते स्वाभाविक आहे. पण ती गोष्ट आईनं मुलाला जवळ ठेवून वाढवल्याची आहे. इथे विषय आहे तो मुलगा लांब गेल्यावरचा. तो वसतिगृहात, गिरणीत, फौजेत किंवा कंपनीत गेला आणि आई मागे राहिली. आता त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघता येत नाही. मग ती लिहिते, किंवा कुणाकडून तरी लिहून घेते. काय लिहिते? जेवतोस का, झोपतोस का, खोकला गेला का, भावाशी धड बोलतोस का, सूनबाईला त्रास देत नाहीस ना. वरवर पाहिलं तर यात वाचण्यासारखं काही नाही. पण अशी पत्रं जरा सावकाश वाचली की दोन गोष्टी ध्यानात येतात. मुलाच्या तब्येतीची चौकशी हा आईचा उरलेला एकुलता एक अधिकार असतो आणि ती तो पुरेपूर बजावते. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच पत्रात स्वतःच्या तब्येतीविषयी ती बहुधा खोटं सांगते.

आधी अधिकाराचं पाहू. त्यासाठी या पट्ट्यापासून जरा लांब, नाशिकजवळच्या गंगापूरला जावं लागेल.

गोपिकाबाई पेशवे म्हटलं की मानी, हट्टी, कारभारात हात घालणारी बाई एवढंच चित्र आपल्या मनात असतं. वाईच्या रास्त्यांची ही मुलगी, नानासाहेब पेशव्यांची बायको. थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये नवरा गेला. मधला माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. त्याचं आणि आईचं पटलं नाही. माहेरच्या रास्त्यांवरून मायलेकांत वितुष्ट आलं आणि ती पुणं सोडून गंगापूरला राहायला गेली. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्यानं, म्हणजे क्षयानं गेला तेव्हा त्याला अठ्ठाविसावं चालू होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, धाकटा नारायणराव शनिवारवाड्यात गारद्यांच्या तलवारीखाली मेला. एक मुलगा लढाईत, एक दुखण्यानं आणि एक घरच्या घरात.

नारायणरावाच्या मागं १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला. तो जाणता होऊ लागला तेव्हा या आजीनं त्याला उपदेशाचं एक पत्र पाठवलं. इतिहासाच्या अभ्यासकांना ते चांगलं परिचयाचं आहे. पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंतचा दिनक्रम त्यात घालून दिलेला आहे. स्नानसंध्या, नमस्कार आणि मेहनत, लिहिणं-वाचणं, कारभाऱ्यांजवळ बसून चार गोष्टी ऐकणं, सगळं आपापल्या वेळेला. हे पत्र ‘थोरांचे संस्कार’ म्हणून सांगितलं जातं. मला त्यात भीती दिसते. तीन मुलगे गमावलेली बाई नातवाच्या दिवसातली एकही घटका मोकळी सोडायला तयार नाही. कारभार नाना फडणीसांच्या मुठीत, खजिना पुण्यात, फौज सरदारांच्या हातात. तिच्या हाती राहिलं होतं ते पोराचं उठणं-बसणं आणि खाणं-पिणं, आणि तेही पत्रातून. तिथं मात्र तिनं तसूभरही माघार घेतली नाही. गोपिकाबाई १७८८ साली गेली. नातवाचा १७९५ मधला शेवट तिला पाहावा लागला नाही.

पत्रातली तब्येतीची गोष्ट घरापुरतीच राहते असंही नाही. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज वकिलाची बायको तुर्कस्तानात होती. तिथल्या म्हाताऱ्या बाया देवीच्या फोडातली लस टोचून मुलांना मोठ्या दुखण्यापासून वाचवतात हे तिनं पाहिलं आणि १७१७ साली मैत्रिणीला पत्रातून कळवलं. पुढच्या वर्षी तिनं आपल्याच मुलाला टोचून घेतलं. तिला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर त्यांचे व्रण होते. जेन्नरची गाईची लस यायला अजून जवळपास ऐंशी वर्षं होती. युरोपातल्या डॉक्टरांनी नाकं मुरडली, पण एका आईनं पत्रात लिहिलेली ती गोष्ट शेवटी टिकली.

आता दुसरी गोष्ट, स्वतःचं दुखणं लपवण्याची. आपल्याकडच्या पत्रलेखनाची रीतच या लपवाछपवीला सोयीची होती. वर मायना, मग ‘येथील सर्व क्षेम आहे, तुमची खुशाली कळवावी’, मग ‘पत्रास कारण की’. क्षेम कळवायची जागा आधीच ठरलेली आणि तिच्यात भरायचा मजकूरही ठरलेला. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी पहिल्या ओळीत सर्व क्षेमच असे. खरी बातमी आलीच तर शेवटी, ‘ता. क.’ म्हणून, जागा उरली तर.

या रीतीला छेद देणारं एक पत्र आहे. ते मुलाला नाही, नवऱ्याला लिहिलेलं आहे, तरी इथं त्याची आठवण काढायलाच हवी. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत. पहिलं ऑक्टोबर १८५६ मधलं, माहेरी नायगावला आजारी असताना लिहिलेलं. त्यात त्या स्वतःच्या दुखण्याविषयी सरळ लिहितात: बरेच दिवस त्रास झाला, आता उतार आहे, भावानं सेवा केली. पुण्यात शाळेचं ओझं सोबतच्या एकट्या फातिमाबाईंवर पडलं असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, हेही लिहितात. एवढं सांगून झालं की दुखणं बाजूला राहतं आणि पत्र भलतीकडेच वळतं. महार-मांगांना शिकवता म्हणून तुम्ही वाळीत पडलात असं भाऊ म्हणाला, त्याला आपण काय उत्तर दिलं आणि आई ते कशी ऐकत होती, याची सविस्तर हकीकत येते. आजारी बाईच्या पत्रात आजाराला चार ओळी आणि वादाला दोन पानं, हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं.

तिसरं पत्र तर आमच्याच मुलखातलं. तारीख २० एप्रिल १८७७, ठिकाण ओतूर, जुन्नर. ओतूर म्हणजे माळशेज चढून आल्यावर कल्याण-नगर रस्त्यावर लागणारं मोठं गाव. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या मदतीच्या कामासाठी सावित्रीबाई या भागात होत्या. माणसं गाव सोडून चाललीत, जनावरं पटापट मरताहेत, सावकारांनी वेगळाच फास टाकलाय आणि आपण कलेक्टरसमोर उभं राहून काय बोललो, हे सगळं त्या पत्रात आहे. स्वतः काय खाल्लं, कुठं झोपलो, उन्हानं काय हाल झाले, याला त्यात फारसा थारा नाही. वीस वर्षांनी प्लेग आला. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या माळावर त्यानं रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि आई त्याच्याबरोबर राबली. प्लेग झालेल्या एका मुलाला तिथवर पोचवताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुलगा डॉक्टर आणि आई रुग्णाला उचलून आणणारी, अशा घरात खुशालीच्या पत्राची गरज पडली नसेल.

आता आमच्या पट्ट्यातल्या तळेघरला येऊ.

मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या कडेनं घाट चढत पश्चिमेला गेलं की तळेघर येतं. राजगुरुनगरकडून वाड्यामार्गे येणारा रस्ताही इथंच मिळतो आणि पुढं भीमाशंकर. देवाला जाणाऱ्या गाड्यांना तळेघर म्हणजे चहाचा थांबा. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांना मात्र ते बाजाराचं, दवाखान्याचं, एसटी पकडायचं गाव. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात भाताची आवणी, वरच्या उतारावर नाचणी आणि वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा. खाली धरणाच्या पाण्यात मूळ आंबेगाव बुडालं. तालुक्याला ज्याचं नाव, ते गावच पाण्याखाली, आणि धरणाला नाव हुतात्मा बाबू गेनूचं, जो याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा.

इथला मुलगा लवकर लांब जातो. सहा-सात वर्षांचा झाला की आश्रमशाळेत. गोहे, तेरुंगण, आहुपे, जिथं जागा मिळेल तिथं. पुढं घोडेगाव, मंचर किंवा जुन्नरचं वसतिगृह. मग पुणं, भोसरी, चाकणच्या कंपन्या. आधीच्या पिढीतले काही मुंबईला गेले. मुंबईच्या डबेवाल्यांत आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ या तालुक्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तशीच माथाडीतही. म्हणजे आई आणि मुलगा यांच्यातलं अंतर इथं मोठेपणी पडत नाही, दुधाचे दात पडायच्या वयात पडतं. शहरी घरात मुलगा नोकरीसाठी परगावी गेल्यावर आई जे लिहिते, ते इथल्या आईला पहिली-दुसरीतल्या पोराला सांगावं लागतं. तिच्या सांगण्यात उपदेश कमी आणि सूचना जास्त असतात त्या यामुळे. दुसऱ्याच्या पांघरुणात झोपू नको. खरूज त्यातनंच येते. नखं काढ. रात्री एकटा बाहेर जाऊ नको. पाय वाळवून मग झोप, चिखल्या होतील. डॉक्टरही याहून वेगळं काय सांगणार?

पण लिहायचं कुणी? अक्षरओळख असलेल्या बाया आता पन्नाशीच्या आत-बाहेर सापडतात. त्याआधीच्या पिढीला लिहून घ्यावं लागे. शाळेतले गुरुजी, पोस्टमन, सातवी पास झालेला शेजारचा पोरगा, क्वचित दुकानदार. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं आणि मनीऑर्डर त्याच्या पुढच्या वर्षी. या दोन कागदांवर महाराष्ट्रातली निम्मी घरं चालली म्हटलं तरी चालेल. मुलगा पैसे पाठवी तेव्हा मनीऑर्डरच्या फॉर्मखाली दोन ओळींची जागा असे. त्या दोन ओळी पोस्टमन दारात उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवी आणि आजूबाजूच्या चार घरांना कळे की अमक्याच्या पोरानं किती धाडले. उलट टपाली आईचं कार्ड जाई, तेही उघडंच. त्यात नवऱ्याच्या दारूबद्दल लिहिता येत नसे, थोरल्या जावेबद्दल तर नाहीच, कारण लिहिणारा गुरुजी दोन्ही घरांत चहाला येणारा. बाईपणाच्या दुखण्याबद्दल परक्या पुरुषाला सांगून लिहून घेणं शक्यच नव्हतं. अंगावर जाणारं पांढरं, न थांबणारी पाळी, खाली उतरलेलं अंग, यातलं काहीही त्या कार्डावर कधी आलं नाही. ‘मी बरी आहे’ या तीन शब्दांत हे सगळं जिरवलेलं असतं. आपण वाचताना त्याला मायेचा संयम म्हणतो. निम्म्याहून जास्त वेळा ती निव्वळ व्यवहारातली अडचण असते: सांगायचं होतं, पण लिहिणारा माणूस चुकीचा होता.

म्हणून मला असं वाटतं की आईच्या पत्राचा खरा मजकूर अनेकदा पत्राबरोबर येणाऱ्या पिशवीत असतो. एसटीच्या कंडक्टरकडे नाहीतर गावच्या कुणाकडे दिलेली कापडी पिशवी, तोंड सुतळीनं आवळलेलं. आत नाचणीचं पीठ, थोडे नवे तांदूळ, एखाद्या डब्यात ठेचा आणि कागदाच्या पुडीत वाळवलेले हिरडे. पिशवी उघडली की मुलाला आधी कळतं ते घरात यंदा काय पिकलं आणि काय नाही. पीठ कमी आलं तर प्रश्न विचारायची गरज नसते.

हिरड्याची गोष्ट तर या भागात टाळून पुढं जाताच येत नाही. भीमाशंकरच्या रानात आणि खालच्या शेतांच्या बांधांवर हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात आठळी धरायच्या आतलं कोवळं फळ झोडून, वेचून वाळवतात, तो बाळहिरडा. व्यापारी तो घेतात. घरात रोख पैसा येण्याचं हे मोठं साधन, भातानं पोट भरतं आणि हिरड्यानं दवाखाना, कपडे, पोराच्या शाळेचं भागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडं आणि हंगाम दोन्हींची नासधूस झाली. नुकसानभरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना त्यानंतर दीर्घकाळ झगडावं लागलं. झाड उंच आणि फांदी ठिसूळ, त्यामुळे झोडायला चढलेला माणूस पडतो आणि कंबर मोडून बसतो. ज्या फळानं बाकीच्यांची पोटं साफ होतात ते काढताना इथल्या माणसाचं अंग जातं, हे आयुर्वेदाच्या कुठल्याच पोथीत नाही.

पोथीत जे आहे तेही मजेचं आहे. वैद्यांच्या परंपरेत हिरड्याला आईची जागा दिलेली आहे. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा, असं तिथं म्हटलंय. वर अशी पुस्तीही जोडलीय की खरी आई एखादे वेळी रागावेल, पोटात गेलेला हिरडा कधी रागावणार नाही. हा श्लोक रचणाऱ्या वैद्याला तळेघरची आई ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण वसतिगृहातल्या मुलाच्या पेटीत हिरड्याची पुडी टाकणारी आई नेमकं तेच करत असते. घसा बसला तर तोंडात धर, पोट साफ नसेल तर रात्री पाण्याबरोबर घे.

आईचे सगळे सल्ले बरोबर असतात असं मानण्याचं काही कारण नाही आणि अशा पत्रांची आरती करणाऱ्या प्रस्तावनांचा मला कंटाळा आहे. जुलाब लागले तर भाताची पेज मीठ घालून घोटघोट पी, हा सल्ला शंभर टक्के खरा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेलं पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. शिरेतून द्यायचं सलाइन तिथं पुरेसं नव्हतं. पुढच्या संशोधनात साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरूनही चांगला गुण येतो हे दिसलं. म्हणजे पेज पाजणाऱ्या बाईचं चुकलं नव्हतं. चुकतं कुठं, तर ती जुलाब होताना पाणी तोडायला सांगते तेव्हा. लहान पोराच्या पोटाला डागायला सांगते तेव्हा. साप चावला तर आधी भगताकडे ने म्हणते तेव्हा तर चूक जिवावर बेतते. या डोंगरात मण्यार आहे, घोणस आहे, फुरसं आहे, आणि अशा वेळी उपयोग होतो तो प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनचा. तळेघरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, घोडेगावला ग्रामीण रुग्णालय, मंचरला उपजिल्हा रुग्णालय. कागदावर ही साखळी नीट आहे. पावसाळी रात्री वरच्या वाडीतून तळेघरपर्यंत यायचं म्हणजे काय, हे मात्र कागदाला ठाऊक नसतं. भगत वाडीतच असतो, म्हणून आई त्याचं नाव आधी घेते. अंधश्रद्धा हे त्याचं निम्मंच कारण आहे.

नाचणीबद्दलही तिचं बरोबर होतं. शहरात गेलेल्या पोराला काळ्या भाकरीची लाज वाटू लागते. डब्यात ती दिसली की बाकीची पोरं हसतात. आई सांगत राहते, ती खा, हाडाला बळ येतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तीच नाचणी पुण्याच्या मॉलमध्ये बिस्किटाच्या रूपानं चढ्या भावात आली. आता मुलगा ती विकत घेतो आणि आईला फोनवर सांगतो की नाचणी फार चांगली असते.

संसाराविषयीचा भाग या पत्रांत आरोग्याच्या आडूनच येतो. भावाभावांत वाटणीवरून तेढ असली तर आई सरळ तसं लिहीत नाही. ‘धाकट्याला बरं नाही, एकदा बघून जा’ असं लिहिते. थोरला येतो, बघतो, धाकटा टुणटुणीत असतो. मग दोघं एका ताटात जेवतात आणि बांधाचं बोलणं निघतं. सून माहेरी जाऊन बसली असेल तर ‘पोराला खोकला झालाय, तिला आणलेलं बरं’. दुखण्याचं निमित्त करून घर सांधायचं, हे कौशल्य आपल्याकडच्या बायांनी फार सफाईनं कमावलेलं आहे. यात लबाडी आहेच. पण जिला जमिनीच्या कागदावर नाव नाही, पंचायतीत आवाज नाही, तिनं आणखी कुठल्या दारानं आत यायचं?

एक प्रश्न मला सारखा टोचत राहतो. ही पत्रं मुलांनाच का? मुलींना का नाहीत? उत्तर कडू आहे. मुलगी सासरी गेली की तिच्या तब्येतीवरचा आईचा हक्क संपला असं धरलं जाई. शिवाय सासरी आलेलं कार्ड आधी सासू वाचणार. लेकीची विचारपूस चालायची ती बाजारात भेटलेल्या तिच्या गावच्या बाईकडून, जत्रेत, आणि जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. लेकीची काळजी, तिचं बाळंतपण, तिची उपासमार, भावानं वाट वाकडी करून तिच्याकडे जावं म्हणून केलेली विनवणी, हे सगळं त्या ओव्यांत आहे. मुलाला पोस्टानं जाणारं पत्र आणि मुलीसाठी दळताना गायलेली ओवी, ही एकाच आईची दोन टपालं म्हणायची. पहिल्यात ती सावध असते, दुसऱ्यात मोकळी.

टपाल पाठवणारं गावच उरलं नाही तर काय होतं, तेही या भागानं पाहिलंय. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी तळेघरपासून फार लांब नसलेल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. गाव गाडलं गेलंय हे बाहेरच्या जगाला आधी कळलं ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाकडून. रस्त्याच्या पुढं गावच नव्हतं. वसतिगृहात, कंपनीत, बाहेरगावी असलेली काही मुलं तेवढ्यानं वाचली. ज्यांना ‘इकडची काळजी करू नको’ असं आयुष्यभर सांगितलं गेलं होतं, ते चिखल उपसणाऱ्या यंत्रांशेजारी दिवसचे दिवस उभे होते.

आता पोस्टकार्ड कुणी लिहीत नाही. जुन्या पद्धतीची मनीऑर्डरही २०१५ मध्ये बंद झाली. आई व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते. नेटवर्क असेल तर दारातून, नसेल तर टेकाडावर चढून. या आवाजात गुरुजी मध्ये नाही, हा मोठाच फरक. पहिल्यांदाच इथली आई स्वतःच्या बोलीत, कुणाकडून शुद्ध करून न घेता, थेट मुलाच्या कानात बोलते. विषय थोडे बदललेत. चाकणहून रात्रपाळी करून मोटारसायकलनं येऊ नको, उसात बिबट्या बसलेला असतो. पुड्या खाऊ नको. बायकोच्या तपासणीला तू बरोबर जा, आशाताईनं सांगितलंय. स्वतःबद्दल विचारलं की अजूनही तेच, मी बरी आहे. मात्र आवाजात धाप ऐकू येते, जी कार्डावर कधी दिसली नसती. या आवाजांचं पुढं काय होणार याची मला काळजी वाटते, कारण फोन बदलला की ते जातात. बंबाचं तोंड आता खिशातच आलंय.

या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी आईची जुनी कार्डं उरली असतील तर ती वाचताना आणखी काही पाहावं असं मी सुचवेन. अक्षर कुणाचं आहे ते आधी बघा, कारण मजकूर किती मोकळा असेल हे त्यावर ठरतं. एकाच आईची गुरुजींनी लिहिलेली आणि पुढं नातीनं लिहिलेली पत्रं शेजारी ठेवली तर दोन निराळ्या बाया बोलताहेत असं वाटेल. ‘लिवलं’, ‘धाडलं’, ‘न्हाय’ हे जसंच्या तसं ठेवा, शुद्धलेखन करायला जाऊ नका. पोस्टाच्या शिक्क्यावरचा महिना वाचा. आषाढ-श्रावणातलं कार्ड क्वचितच सापडेल, कारण त्या दिवसांत आई गुडघाभर चिखलात असते आणि लिहून देणारे गुरुजीही पावसानं अडकलेले असतात. चैत्रात मात्र कार्ड येतं, हिरडा किती झाला ते सांगायला. आणि खुशालीच्या ओळीनंतर पेन बदललेलं दिसलं, किंवा ‘ता. क.’ वेगळ्या हातानं लिहिलेलं असलं, तर आधी ते वाचा.